न फिरलेले पंखे

मुलुंड पूर्व,
९ जानेवारी २०२५

चि. मुकुल,
अनेक आशीर्वाद.

आमचा जुना फ्रिज तुला आठवतो का? दर दुसऱ्या रविवारी मी तो बंद करून बर्फ वितळवायची आणि तू उघड्या दारासमोर मांडीवर पितळी परात घेऊन बसायचास. आठ-नऊ वर्षांचा असशील. वरच्या कप्प्यातला बर्फाचा थर सुटायला तास लागायचा, आणि तो तासभर तू जागचा हलायचा नाहीस. दर पाच मिनिटांनी सांगायचास, "मावशी, आता पडेल." मी पोळ्या लाटता लाटता "हो का" म्हणायची. मग कधीतरी तो थर धप्पकन परातीत पडायचा आणि आपण दोघं एकमेकांकडे बघायचो, जणू काही आपणच ते केलं होतं. काल नवा फ्रिज पुसताना हे आठवलं. या फ्रिजमध्ये बर्फ साठतच नाही.

मुद्दाम ईमेल लिहिते आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठा दाखवून मोकळा होतोस. माझं काम अंगठ्याने भागणारं नाही.

एप्रिलमध्ये प्रांजल यायचा आहे, एकटाच. त्यांच्या मेलबर्नच्या शाळेला तेव्हा दोन आठवडे सुट्टी असते. चौदा वर्षांचा झाला माझा नातू. मागच्या खेपेला चार दिवसांतच म्हणाला, "आजी, तुझ्याकडे करण्यासारखं काहीच नाही," आणि मग हर्षद त्याला बोरिवलीला सासुरवाडीत घेऊन गेला. मला राग नाही आला. खरंच होतं ते. या वेळी मात्र त्याच्यासाठी गेम खेळायचा कम्प्युटर घेऊन ठेवायचा, असं मी ठरवलं आहे. काका गेल्यापासून त्यांची खोली तशीच पडून आहे.

हर्षदला विचारलं तर तो म्हणेल, "आई, तुला कशाला हवेत हे उद्योग?" आपल्याच मुलाला सगळं सांगता येतं असं नाही. तू बंगलोरला कम्प्युटरमध्येच आहेस, म्हणून तुला विचारते. साडीच्या दुकानात मी म्हणते तसं समज: फार भारी नको, अगदी रोजचं नको, मधल्या गठ्ठ्यातलं दाखवा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे नक्की काय आणि ते कसं निवडायचं?

सवडीने उत्तर दे. पण दे.

तुझी,
नीलामावशी


बंगलोर,
१४ जानेवारी २०२५

प्रिय मावशी,

नमस्कार आणि तिळगूळ. परात पितळी नव्हती, ॲल्युमिनियमची होती. काठावर 'शा. टि.' कोरलेलं होतं. मी तासन् तास तेच वाचत बसायचो.

आता कामाचं. मशीनमध्ये प्रोसेसर असतो, तो डोकं चालवतो. ग्राफिक्स कार्ड चित्र काढतं. गेममध्ये सेकंदाला साठ वेळा नवं चित्र काढावं लागतं, त्याला फ्रेम म्हणतात. साठ आल्या की झकास. तीसच्या खाली गेल्या की चित्र अडखळतं आणि चौदा वर्षांची मुलं घर डोक्यावर घेतात. म्हणून अर्धं लक्ष कार्डावर, उरलेलं बाकी सगळ्यावर.

कार्डं मुख्यतः दोन कंपन्यांची. लोक त्यांना हिरवी आणि लाल म्हणतात, त्यांच्या रंगांवरून. मधल्या गठ्ठ्यात दोन्ही चांगली आहेत. दुकानदार जे खपवायचंय ते गळ्यात मारेल, सांभाळ.

प्रोसेसर असा घे ज्याला स्वतःचं थोडंफार चित्र काढता येतं. उद्या कार्ड बिघडलं तरी पडदा काळा होणार नाही, तुझे ईमेल चालू राहतील. मेमरी सोळा जीबी, दोन पट्ट्यांत. आणि पॉवर सप्लाय, म्हणजे आतला विजेचा डबा, स्वस्तातला घ्यायचा नाही. तो उडाला तर जाताना इतरांनाही घेऊन जातो. सगळ्याचीच वाट लागते.

प्रांजल कोणते गेम खेळतो ते विचारून कळव.

तुझा,
मुकुल


मुलुंड पूर्व,
२७ जानेवारी २०२५

चि. मुकुल,

तुझं पत्र मी वहीत उतरवून घेतलं. शाळेत सिस्टर विज्ञानाचा धडा लिहून काढायला लावायच्या, तसं. लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात काही जात नाही. हिरव्या पेनाने हिरवी कंपनी, लाल पेनाने लाल. परातीचं तुझंच बरोबर. माळ्यावरून काढून पाहिली. 'शा. टि.' म्हणजे शामसुंदर टिपणीस. काकांना सगळ्या भांड्यांवर नाव घालायची हौस होती.

परवा घाटकोपरला विकी म्हणून एकाच्या दुकानात जाऊन आले. चाळिशीचा असेल, तोंडाने गोड आहे. म्हणाला, "आंटी, गेमिंग आपके लिए?" मी म्हटलं, हो, माझ्यासाठीच, का? मग त्याने मला एक काचेची पेटी दाखवली, आत सात रंगांचे दिवे. गणपतीचं मखर वाटलं मला. दिवे बंद ठेवता येतात का विचारलं तर त्याच्या मनाला लागलं.

माझे प्रश्न असे. कार्डाची स्वतःची मेमरी आठ जीबी घ्यावी की बारा? काही कार्डांना दोन पंखे असतात, काहींना तीन. तीन पंखेवालं लांब असतं आणि सगळ्या पेट्यांत मावत नाही असं विकी म्हणतो. मी त्याच्या दुकानात शिवणाची टेप काढून पेटी आतून मोजली, अठ्ठावीस सेंटीमीटर भरली. दोन पंख्यांत भागेल ना? आणि त्या सुट्टीपुरतं बरं वाटणारं पण वर्षभराने जुनं होणारं, असं काही घ्यायचं नाही मला. प्रांजल पुढच्या वर्षीही येईल.

गेमची नावं त्याला विचारून कळवते. हल्ली फोनवर फार बोलत नाही तो. वयच तसं आहे.

शर्मिष्ठा कशी आहे? सूनबाईला आशीर्वाद सांग. शाळेत शिकवून दमत असेल.

तुझी,
नीलामावशी


बंगलोर,
२० फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,

उशीर झाला, सॉरी. कामात बुडालो होतो. शर्मिष्ठा मजेत, तिच्या शाळेत दहावीचे पेपर चालू आहेत म्हणून तिलाही वेळ नाही.

मध्यंतरी आलेली तुझी तिन्ही पत्रं वाचली. पहिल्यात आठ की बारा, दुसऱ्यात हिरवं की लाल, तिसऱ्यात पुन्हा आठ की बारा. मावशी, लग्न जुळवत नाहीयेस तू. आता निर्णय देतो. दोन पंख्यांचं, बारा जीबीवालं घे. मरोळ नाक्याजवळच्या एका दुकानात मागच्या आठवड्यात ते हातात घेऊन पाहिलं. जेमतेम चोवीस सेंटीमीटर आहे, तुझ्या पेटीत आरामात बसेल. वजनही बेताचं.

पूर्ण यादी सोबत जोडली आहे, तशीच विकीला दे. यादीतली एकही गोष्ट बदलली तर मला फोन करायला सांग. जोडणी तोच करून देईल. घरी आल्यावर फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस लावायचे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. प्रत्येक वायरच्या टोकाचा आकार वेगळा असतो. ज्या आकाराची पिन, त्याच आकाराचं भोक. बसली म्हणजे बरोबर. चूक होऊच शकत नाही.

मुकुल


मुलुंड पूर्व,
१२ मार्च २०२५

चि. मुकुल,

आलं एकदाचं. विकीचा माणूस टॅक्सीतून मांडीवर घेऊन आला. वायरी मी लावू का म्हणाला, पण मी म्हटलं, नको, माझ्याकडे भाच्याचं पत्र आहे. चहा पाजून पाठवलं त्याला.

तू लिहिलंस तसंच केलं. पिनेचा आकार पाहिला, भोकाचा आकार पाहिला, बसवली. बसली. बटण दाबलं आणि पडद्यावर चित्र आलं. काकांनी पाहायला हवं होतं. दिवे बंद केले आहेत, फक्त एक पांढरा ठेवलाय. काचेतून तुझं ते कार्ड दिसतं. काळं, आडवं, दोन पंखे. देखणं आहे.

काकांच्या खोलीचे पडदे धुतले. पलंगावर नवी चादर घातली. हेडफोनही घेतला, मोठ्या कानांचा. प्रांजलच्या डोक्याचं माप माझ्याकडे नव्हतं, म्हणून हर्षदच्या जुन्या क्रिकेटच्या टोपीवरून अंदाज बांधला.

पाच एप्रिलला येतोय.

एक विचारायचं राहिलं. मशीन रोज सुरू करावं का? वापरलं नाही तर खराब होतं का?

तुझी,
नीलामावशी


बंगलोर,
२४ एप्रिल २०२५

प्रिय मावशी,

मध्ये लिहायचं राहूनच गेलं. तुझ्या प्रश्नाचंही उत्तर दिलं नाही. वापरलं नाही तर खराब होत नाही.

प्रांजल आला असेल आणि गेलाही असेल. खूश झाला का? फ्रेम किती येत होत्या? साठच्या वर असतील तर माझी कॉलर ताठ.

मुकुल


मुलुंड पूर्व,
२ मे २०२५

चि. मुकुल,

आला, राहिला, गेला. घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

काय सांगू तुला. उंच झालाय, दाराच्या चौकटीशी वाकतो. मिसरूड फुटलंय, पण त्याविषयी बोललेलं चालत नाही. सकाळी उशिरा उठायचा, दहा वाजता थालीपीठ, मग थेट काकांच्या खोलीत. मी दारातून विचारायची, "जेवायला येतोस ना रे?" तर हात वर करून पाच बोटं दाखवायचा, म्हणजे पाच मिनिटं. ती पाच मिनिटं म्हणजे तास. मी ताट झाकून ठेवायची. एकदा मला शेजारी बसवून खेळायला शिकवलं. माझा माणूस भिंतीत जाऊन अडकला आणि तिथेच चालत राहिला, तर हसून हसून पडायची वेळ आली त्याच्यावर.

तुझ्या कार्डाचं फार कौतुक केलं त्याने. फ्रेम साठ येत होत्या. आणि मशीन इतकं शांत आहे, मुकुल. प्रांजल तासन् तास खेळला तरी त्या कार्डाचे पंखे एकदाही फिरले नाहीत. मी काचेतून पाहत होते ना. चांगली वस्तू निवडलीस.

पुढच्या वर्षी येईन म्हणालाय.

तुझी,
नीलामावशी


बंगलोर,
६ मे २०२५

मावशी,

पंखे एकदाही फिरले नाहीत? साधं काम असताना ते बंद राहतात, पण गेम लावला की दोन मिनिटांत फिरायला हवेत. नाहीतर कार्ड तापून बंद पडेल. काहीतरी गडबड आहे.

मशीन भिंतीपासून थोडं पुढे ओढ आणि मागच्या बाजूचा, सगळ्या वायरी दिसतील असा फोटो पाठव. दिवसाउजेडी काढ. वायर काढू नकोस.

मुकुल


बंगलोर,
११ मे २०२५

मावशी,

फोटो मिळाला. छान स्पष्ट आलाय.

मॉनिटरची वायर वरच्या भोकात आहे. ते मदरबोर्डचं, म्हणजे प्रोसेसरचं स्वतःचं भोक. कार्डाची भोकं खाली, आडव्या पट्टीत आहेत. आकार तोच. खालच्यांवर कारखान्यातल्या काळ्या रबरी टोप्या आहेत, त्या अजून तशाच. तुला वाटलं असणार, झाकलेली भोकं वापरायची नसतात. कुणालाही वाटेल. चूक होऊच शकत नाही असं मी लिहिलं होतं. ती चूक माझी आहे.

पण म्हणजे दोन महिने ते कार्ड नुसतं बसून आहे. जे काही चित्र दिसतंय ते प्रोसेसर कसंबसं काढतोय. त्यावर प्रांजलच्या वयाच्या मुलाचा गेम सेकंदाला दहा फ्रेमसुद्धा देणार नाही. साठ तर शक्यच नाही. आणि चौदा वर्षांचा मुलगा, मावशी, पाच मिनिटांत मशीनच्या मागे वाकून बघतो. त्याला ती वायर दिसली नसती असं होणार नाही. त्या टोप्या राहिल्याच नसत्या.

प्रांजल आला होता का?

मुकुल


मुलुंड पूर्व,
१९ मे २०२५

चि. मुकुल,

नाही आला.

आठ दिवस हे एवढंच लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहिते.

अंधेरीला आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली शुक्रवारी कन्फेशनला, चुका कबूल करायला, रांगेने आत जायच्या आणि आम्ही हिंदू मुली बाहेर बाकावर बसून त्यांच्या चपला राखायचो. पाच मिनिटांत मोकळ्या चेहऱ्याने बाहेर यायच्या. मला त्यांचा फार हेवा वाटायचा. आज एकोणसत्तराव्या वर्षी भाच्यासमोर ती वेळ आली.

हर्षदचा फोन डिसेंबरातच आला होता. "आई, एप्रिलमध्ये आम्ही तिघं न्यूझीलंडला जातोय, प्रांजलला ट्रेकिंग करायचंय. मुंबईचं पुढे बघू." मी म्हटलं, छान, जाऊन या. म्हणजे तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला माहीत होतं.

तेव्हा मनात काय होतं ते नीट सांगता येत नाही. कम्प्युटर असेल तर कदाचित बेत बदलेल, असं थोडं वाटलं. फोनवर प्रांजलला सांगून पाहिलं, कार्ड घेतेय म्हणून. "नाइस, आजी," म्हणाला. मग तुझं उत्तर आलं, पाच दिवसांत. परातीवरच्या अक्षरांसकट. ताई गेल्यापासून, म्हणजे तुझी आई गेल्यापासून, मला कुणी इतकं लांब काही लिहिलं नव्हतं. मग मी प्रश्न शोधत राहिले. आठ की बारा हे मला जानेवारीतच समजलं होतं, मुकुल. वहीत उत्तर आहे. पण त्याचं उत्तर मिळालं असतं तर पुढे काय विचारलं असतं? मी इंटरनेटवर बसून कार्डांविषयी वाचायची, ते समजून घेण्यासाठी नाही, त्यातून तुला विचारण्यासारखी शंका निघते का ते बघायला.

मशीन मी रोज दुपारी चारला सुरू करायची. एकदा गेमही लावला. भिंतीत अडकलेला माणूस माझाच. चित्र तुटक तुटक येत होतं, मला वाटलं आपल्या वयामुळे तसं दिसतंय. मग नुसती समोर बसायची आणि काचेतून पंख्यांकडे बघायची. ते फिरत नव्हते ते खरंच. पत्रातली तेवढीच एक गोष्ट खरी होती आणि तिनेच मला पकडून दिलं. थालीपीठ मी केलं होतं, ते मात्र दोन दिवस मीच खाल्लं.

आता एक तुला विचारते, रागाने नाही. तू फेब्रुवारीत लिहिलंस की मरोळ नाक्याच्या दुकानात कार्ड हातात घेऊन पाहिलं. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत मी एकवीस वर्षं नोकरी केली. तिथून मुलुंडला किती वेळ लागतो ते मला कुणी सांगायला नको. मुंबईत येऊन घरी का आला नाहीस? तेव्हा वाचलं आणि विचारलं नाही. विचारलं असतं तर तू अवघडला असतास आणि पत्रं थांबली असती.

झालं. आता चेहरा मोकळा झाला की नाही ते आरशात बघून सांगेन.

तुझी,
नीलामावशी


बंगलोर,
२३ मे २०२५

मावशी,

चार वेळा आलो होतो. ऑफिसचं एक काम मरोळला आहे, गेल्या वर्षीपासून. दोन दिवस हॉटेलवर राहायचं आणि परत. शर्मिष्ठा दर वेळी विचारायची, मावशींकडे गेलास का. मी सांगायचो, वेळ नाही झाला. तिला खोटं, तुला काहीच नाही.

काका गेले तेव्हा मी आलो नाही. तेराव्यालाही नाही. तिकीट काढलं होतं, मग मीटिंग लागली, मग वाटलं पुढच्या महिन्यात निवांत जाऊ. पुढच्या महिन्यात गेलो नाही. मग दर महिन्याला तुझ्या दारात उभं राहणं आणखी अवघड होत गेलं. आल्या आल्या तू म्हणशील, "आता आलास?" आणि माझ्याकडे सांगायला काही नाही. तू असं म्हणाली नसतीस हे मला माहीत होतं, आणि त्यामुळे तर जास्तच.

कम्प्युटरविषयी लिहिणं सोपं होतं. त्यात काकांचं काही नव्हतं.

सात जूनला, शनिवारी, येतोय. ऑफिसचं काम नाही. वायरीला हात लावू नकोस, मी येऊन लावतो.

मुकुल


मुलुंड पूर्व,
१८ ऑगस्ट २०२५

चि. मुकुल,
अनेक आशीर्वाद.

तू येऊन गेलास त्याला दहा आठवडे झाले. पोचल्याचा निरोप आला, नंतर काही नाही. तक्रार करत नाहीये. मशीन नीट चालतंय, मग लिहिण्यासारखं उरलं काय, असं तुलाही वाटलं असेल. मलाही वाटलं. चार वेळा लिहायला बसले आणि विचारण्यासारखं काही सापडेना म्हणून उठले.

तो दिवस मात्र मी पुन्हा पुन्हा काढून बघते. दारात तू म्हणालास, "मावशी, आलो," आणि मी म्हटलं, "चपला आत घे, कुत्रं नेतं." अडीच वर्षांनी भेटलेल्या माणसाला बोलायचं हे वाक्य का? पण तुझा चेहरा सैल झाला. मग तू टेबलाखाली शिरलास, रबरी टोपी काढलीस, वायर वरून खाली आणलीस. दहा सेकंद लागले नसतील. गेम लावलास आणि थोड्या वेळाने ते दोन पंखे फिरायला लागले. आपण दोघं काचेला नाक लावून बघत होतो. जेवल्यावर तू काकांच्या पलंगावर झोपलास. मी ओट्यापाशी आवाज न करता भांडी आवरत होते. घरात कुणीतरी झोपलंय म्हणून हळू वावरायचं, हे सुख मी विसरूनच गेले होते. उठून तू काकांच्या फोटोसमोर बराच वेळ उभा होतास. मी आत आले नाही.

आता पत्राचं कारण. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या श्वेताविषयी तुला सांगितलं नाही. तिशीची आहे, एकटी राहते. लोकांची घरं आतून कशी दिसतील त्याची चित्रं कम्प्युटरवर काढून देते. तिच्या लॅपटॉपला एक खोली काढायला अर्धा दिवस लागायचा आणि मध्येच तो बंद पडायचा. जुलैत एकदा लिफ्टमध्ये रडवेली दिसली. मी म्हटलं, माझ्याकडे बारा जीबीचं कार्ड आहे, वर ये. माझ्या तोंडून हे ऐकून तिचं रडणंच थांबलं. तेव्हापासून रोज सकाळी दहा ते एक ती काकांच्या खोलीत काम करते. तिची एक खोली आता वीस मिनिटांत होते. पंखे घुंघुं करतात, मी बाहेर भाजी निवडत ऐकत असते. कधी हाक मारते, "काकू, बघा ना, हा सोफा कसा वाटतो?" मी सांगते, अगं, पाठ टेकली तर कमरेत उसण भरेल असा.

तिने बोरिवलीला जागा घेतली आहे. तीस ऑगस्टला जाणार. तिला मी विचारलं, मशीन नेशील का? ती नाही नाही म्हणाली, पण तिचे डोळे हो म्हणाले. मी पक्कं केलंय. ते माझ्याकडे राहिलं तर मी पुन्हा रोज चारला सुरू करून बसेन आणि एप्रिल जवळ आला की चादर बदलेन. मशीन असल्यामुळे मी वाट बघते आहे, की वाट बघते म्हणून मशीन ठेवलंय, हे मला आता कळेनासं झालंय. हर्षदला मी फोनवर स्पष्ट सांगितलं: यायचं असेल तेव्हा या, मी काही मांडून ठेवणार नाही. मग म्हणाला, "आई, आम्ही डिसेंबरला बघतो." बघू दे.

तर कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते, म्हणजे त्या दिवशी घोळ व्हायला नको.

पेटी, आतल्या सगळ्या सामानासकट, आणि मॉनिटर, कीबोर्ड, माउस श्वेताला. पैशांचा विषय तिने काढला तर मी चिडेन, असं तिला तूही सांग. कार्ड मात्र टेम्पोतून पेटीत तसंच न्यायचं नाही, धक्क्याने त्याची खाच तुटते असं तू जूनमध्ये म्हणाला होतास. ते काढून त्याच्या खोक्यात घालून हातात न्यायला हवं. मला ते काढता येणार नाही आणि विकीला मी हात लावू देणार नाही. तुझं मरोळचं काम त्या आठवड्यात असेल तर तू ये, कार्ड काढ आणि तिच्या बोरिवलीच्या घरी नेऊन बसव. वायर खालच्या भोकात, हे तिला दाखव. काम नसेल तरी ये.

हेडफोन प्रांजलला. पार्सल मी स्वतः पाठवते, त्यात पत्र घालणार नाही, फक्त त्याचं नाव लिहीन. डोक्याला मोठा झाला तर वाढेल त्यात.

बिल मी तुझ्याच नावावर करून घेतलं होतं, वॉरंटी तीन वर्षांची. ते तुझ्याकडे राहू दे. श्वेताचं काही बिघडलं तर ती तुलाच विचारेल, तिला तुझा पत्ता दिला आहे. माझी हिरव्या-लाल पेनाची वही तिने मागितली होती, ती दिली नाही. ती शर्मिष्ठाला दे. शाळेत शिकवते ना, साठी उलटलेली विद्यार्थिनीही धडा कसा उतरवून काढते ते बघू दे तिला.

टेबल आणि खुर्ची मी ठेवून घेते आहे. ती कुणालाही द्यायची नाहीत. तिथे बसून तुला पत्रं लिहीन. यापुढे त्यांत प्रश्न नसतील. तरीही उत्तर दे.

तुझी,
नीलामावशी